१५० ची सिम्मार: जुनी घ्यावी की नवी?

४×५ इंचाच्या मोठ्या फिल्म कॅमेऱ्यात फिल्मवर प्रत्यक्ष चित्र उमटतं साधारण ९६ × १२० मिलिमीटरचं. त्याचा कर्ण १५४ च्या आसपास जातो, म्हणून जवळपास तेवढ्याच फोकल लांबीची १५० मिलिमीटर ही या कॅमेऱ्याची रोजच्या वापराची लेन्स. श्नायडर या जर्मन कंपनीची १५० सेकंडहँडमध्ये मुख्यतः तीन रूपांत मिळते: जुनी सिम्मार, १९७० च्या दशकातली सिम्मार-एस आणि तिच्यानंतरची आपो-सिम्मार. तिन्ही एफ ५.६ च्या, तिन्हींत चार गटांत सहा काचा. फोटोत फरक कुठे पडतो, ते आपल्याकडच्या वास्तू डोळ्यांसमोर ठेवून पाहू.

जुनी ओळखायला सोपी. नावाच्या कड्यावर ५.६/१५० सोबत १२/२६५ असेही आकडे कोरलेले असतात. शटरच्या पुढचा अर्धा भाग काढून नुसत्या मागच्या भागावर ती २६५ ची लेन्स होते, आणि शटरवर त्यासाठी ॲपर्चरची वेगळी हिरवी पट्टी असते. सिम्मार-एसमध्ये ही सोय काढून टाकली. वय काढायचं तर सिरीयल नंबर बघा: एक कोटी दहा लाखांच्या आसपासचा नंबर १९६८ चा, एक कोटी तीस लाखांचा १९७६ चा.

वेरूळच्या कैलासासमोर कॅमेरा लावला की पहिला प्रश्न राइजचा, म्हणजे लेन्स किती वर सरकवता येईल याचा, येतो. उभे खांब सरळ हवेत तर कॅमेरा वरच्या बाजूला तिरका करायचा नाही, लेन्सबोर्ड (लेन्स बसवलेली पाटी) वर सरकवायचा. एफ २२ ला जुन्या सिम्मारचं आणि सिम्मार-एसचं प्रतिमावर्तुळ (लेन्स ज्या गोलात चित्र टाकते तो गोल) २१० मिलिमीटर, आपो-सिम्मारचं २२०. उभ्या फिल्मवर हिशेब केला तर २१० मध्ये सुमारे ३३ मिलिमीटर राइज मिळतो, २२० मध्ये ३९. आडव्या फिल्मवर हेच आकडे ३८ आणि ४४. सहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण शिखराचा कळस फिल्मवर येणार की कापला जाणार ते इथेच ठरतं. हद्द ओलांडली की वरचे कोपरे आधी मऊ पडतात, मग काळे होतात. ग्राउंड ग्लासचे, म्हणजे मागच्या फोकस करायच्या धूसर काचेचे, कोपरे कापलेले असतील तर त्यातून लेन्सकडे बघा. ॲपर्चरचं छिद्र पूर्ण दिसलं तर कोपऱ्याला प्रकाश पूर्ण पोचतोय. बदामासारखं चिंबलेलं दिसलं तर राइज कमी करा किंवा ॲपर्चर आणखी बंद करा.

दुसरा खरा फरक कोटिंगचा, म्हणजे काचेवरच्या परावर्तन घटवणाऱ्या थराचा. चार गट म्हणजे हवेला लागलेले आठ पृष्ठभाग. एकेरी थराच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण दीड टक्का प्रकाश परत फिरतो, अनेक थरांच्या मल्टिकोटिंगवर अर्ध्या टक्क्याहून कमी. हा फिरलेला प्रकाश शेवटी सावल्यांवर पसरतो. आपला दगड काळा बेसाल्ट आणि वर पांढरंफटक आभाळ; यापेक्षा कठीण परीक्षा नाही. कैलास पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे सकाळी समोरून काढलं तर सूर्य देवळाच्या मागे असतो. अशा वेळी जुन्या सिम्मारच्या निगेटिव्हवर गाभाऱ्याच्या दारातला काळोख राखाडी होतो. दुपारनंतर काढलं, किंवा लेन्सच्या पुढे काळं कार्ड धरून चित्राबाहेरचं आभाळ झाकलं, तर हा फरक बराच मिटतो. कार्ड चित्रात तर येत नाही ना, हे काम करायच्या ॲपर्चरवरच तपासायचं. सिम्मार-एस घेताना कड्यावर ‘मल्टिकोटिंग’ लिहिलंय का ते पाहा. सुरुवातीच्या नगांवर ते नसतं.

धारदारपणाबद्दल मात्र उगाच फार बोललं जातं. मध्यभागी, एफ २२ वर, तिन्हींच्या निगेटिव्ह शेजारी ठेवल्या तर ओळखणं अवघड. एफ ४५ ला तर डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून प्रकाशाचं पसरणं) सगळ्यांना एका पातळीवर आणतं. आपो-सिम्मार सरस ठरते ती वर्तुळाच्या कडेला आणि रंगीत फिल्मवर, जिथे काळ्या-पांढऱ्या सीमेवरची रंगीत किनार कमी दिसते.

२६५ चा उपयोग करायचा असेल तर शटर जागेवरच ठेवा आणि फक्त पुढचा भाग काढा. बेलोज (कॅमेऱ्याचा घडीचा भाता) २६५ पेक्षा जास्तच ताणावा लागतो, ३०० मिलिमीटरचा असलेला बरा. या एकट्या मागच्या भागात ॲपर्चर बंद करताना फोकस सरकतो, म्हणून उघड्या एफ १२ वर फोकस करून थांबू नका. एफ २२ ला आणून, जाड काळ्या कापडाखाली लूप (भिंग) लावून पुन्हा करा. ब्लॅक अँड व्हाइटला पिवळा फिल्टर लावला की कडा सुधारतात. नळदुर्गची तटबंदी दुरून काढायला हे चालतं, पण कोपऱ्यांत खऱ्या २७० च्या लेन्सची अपेक्षा ठेवू नये.

किल्ले आणि माळरान काढणाऱ्यांनी जुनी घ्यावी, लेणी आणि देवळं काढणाऱ्यांनी आपो-सिम्मार. सिम्मार-एस मल्टिकोटिंगची आणि चांगल्या शटरची मिळाली तर मधला उत्तम मार्ग.

पण कुठलीही घ्या, शटर आधी तपासा. जुन्या सिंक्रो-कॉम्पर शटरचं वंगण घट्ट होतं आणि संथ गती रेंगाळतात. एक सेकंद, अर्धा, पाव असे आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून लांबी मोजा. अर्धा सेकंद पाऊण भरला तरी दर वेळी तेवढाच भरत असेल तर कागदावर लिहून ठेवून वापरता येतो. दर वेळी वेगळा येत असेल तर साफसफाईशिवाय इलाज नाही. ‘व्ही’ या सेल्फ-टायमरच्या खुणेला हात लावू नका, तिथे अडकलेली शटरं पुष्कळ. काचांच्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका: तो कडेचा काळा रंग सुटलेला असतो, फोटोत बहुधा काही उमटत नाही. टॉर्च तिरका मारून जाळं दिसलं तर ती बुरशी, ती मात्र सोडून द्यावी. चामडी डबीत पावसाळाभर ठेवलेल्या लेन्समध्ये ती हमखास धरते.

शटर अगदीच गेलं असेल तर ० नंबरच्या कॉम्परमधले लेन्सचे दोन्ही भाग ० नंबरच्या कोपाल शटरमध्ये बसतात, लेन्सबोर्डचं भोकही तेच, ३४.६ मिलिमीटर. ते काढताना पुढच्या भागाखाली पातळ पितळी चकती निघाली तर ती जपून नव्या शटरमध्येही तशीच घाला, कारण दोन भागांमधलं अंतर तिच्यावर ठरलेलं असतं. आणि जुनी ॲपर्चरची पट्टी कोपालवर चालत नाही, नवी आखून घ्यावी लागते.