युकुलेले आणि दोन मिलिमीटरची फळी

युकुलेले, म्हणजे गिटारचं चार तारांचं धाकटं भावंड, घरी बनवलं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पडदे (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) बरोबर जागेवर कसे बसवलेस? आणि खरं सांगू का, सगळ्या कामात तेच सोपं आहे, कारण तिथे नुसता भागाकार आहे. माझं कॉन्सर्ट साइजचं, म्हणजे नटपासून (दांडीच्या वरच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) घोडीपर्यंत (तबकावरचा तारांचा खालचा आधार) तारेची लांबी ३८१ मिमी. तिला १७.८१७ ने भागा, २१.३८ येतात, नटपासून तेवढ्यावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला परत १७.८१७ ने भागा, दुसरा पडदा. असं करत बाराव्याला पोचलात की नटपासूनचं अंतर १९०.५ आलं पाहिजे, बरोब्बर निम्मं, नाही आलं तर वर कुठेतरी गडबड आहे. एक्सेलला सांगितलं की झालं. फक्त पट्टीवर खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यायचं, एका पडद्यापासून पुढचा असं मोजत गेलं की बारीक बारीक फरक साठत जातो आणि वरचे सूर बोंबलतात. सतारीचे पडदे कसे दोऱ्याने बांधलेले असतात, रागाप्रमाणे सरकवता येतात, इथे तो लाड नाही, एकदा ठोकला की ठोकला. आणि हो, खाच पाडायची करवत बारीक हवी, चीर ०.६ मिमीच्या आत, साध्या करवतीची चीर एवढी रुंद होते की पडदा आत धरतच नाही.

खरी परीक्षा आहे ती वरच्या फळीची, मिरजेचे कारागीर जिला तबली म्हणतात ती.

आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, आयुष्यभर फर्निचर केलेलं, हात म्हणजे सोनं. त्यांच्याकडे फळी घेऊन गेलो आणि म्हटलं मामा, ही दोन मिलिमीटर करायचीय. ते म्हणाले, "दोन सूत म्हणायचंय का तुम्हाला?" सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हटलं नाही, मिलिमीटर. त्यांनी फळी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "अहो दादा, मग राहिलं काय? मोडंल की ही." आणि त्यांच्या जागी ते बरोबरच होते, कारण कपाट असो नाहीतर पलंग, सुतारकामात मजबुती हा गुण. इथे तोच दोष. चार तारांचा मिळून ताण साधारण पंधरा-वीस किलो, तेवढा सोसेल इतपतच ताकद ठेवायची आणि बाकी सगळं लाकूड रंध्याने काढून टाकायचं, नाहीतर फळी हलतच नाही आणि हललीच नाही तर वाजणार काय कपाळ. नवशिक्यांनी बनवलेली जी युकुलेले मी हातात घेतलीत त्यातली बरीचशी दिसायला एकदम झकास आणि आवाजाला मुकी, कारण एकच, भीतीपोटी तीन-साडेतीन मिमी ठेवलेली तबली.

किती पातळ झाली हे व्हर्नियरने मोजायचंच, पण कानानेही कळतं. फळी वरच्या कोपऱ्यापासून थोडी खाली दोन बोटांत सैल धरायची आणि मध्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचं. तीन मिमीला नुसतं ठक्क, कोरडं. अडीचच्या खाली आलात की त्या ठक्कच्या मागे एक शेपूट येतं, आवाज रेंगाळतो. दोनच्या जवळपास हाताला पण कळतं, रेषांच्या आडवं वाकवलं की फळी सहज वाकते आणि रेषांच्या दिशेने अजून ताठ असते. तिथे रंधा खाली ठेवायचा, पुढचं पॉलिश पेपरने. मग आतून बारीक पट्ट्या चिकटवायच्या, त्या ताकदीचं बघतात.

लाकडाचं म्हणाल तर कोआ वगैरेच्या मागे लागू नका. कोआ हवाईचं लाकूड, आपल्या बाभळीच्या गोतावळ्यातलं, तिकडे सहज मिळायचं म्हणून तिकडच्या लोकांनी वापरलं. १८७९ मध्ये रेवन्सक्रॅग नावाच्या जहाजातून मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज लोक उसाच्या मळ्यांत मजुरीला होनोलुलूला गेले, त्यातले नूनिश, डियास आणि एस्पिरितो सांतो हे तिघे मुळात लाकूडकामवालेच, त्यांनी गावाकडच्या माशेत नावाच्या छोट्या वाद्यावरून तिथल्या लाकडात हे घडवलं. म्हणजे जे हाताशी होतं ते घेतलं. मग आपणही तेच करावं की. तबलीला सरळ उभ्या रेषांचं पाईन, पॅकिंगच्या पेट्यांतून निवडून काढलं तर मिळतं. बाजू आणि पाठीला पाडलेल्या वाड्यांचा जुना साग, फक्त साग तेलकट, चिकटवायच्या आधी थिनरच्या बोळ्याने पुसून घ्यायचा. दांडीला तून, मिरजेत सतारीला वापरतात तेच, आणि पडद्यांच्या पट्टीला शिसवी. खुंट्या आणि पडद्यांची तार सरळ ऑनलाइन.

बाजू वाकवायला लोखंडी पाईप आतून तापवायचा, पाण्याचा थेंब टाकला की डोशाच्या तव्यावर नाचतो तसा नाचला पाहिजे. पट्टी दीड-पावणेदोन मिमी, ओली करून पाईपवर हळूहळू दाबत राहायचं, जोर करायचा नाही, लाकूड एका क्षणी स्वतःहूनच ढिलं पडतं आणि ते हाताला जाणवतं. मला विचाराल तर अख्ख्या कामातली सगळ्यात मजेची गोष्ट हीच.

पावसाळ्यात मात्र तबली, बाजू आणि पाठ चिकटवून युकुलेलेची पेटी बंद करू नका, हे मी बघितलेल्या परदेशी व्हिडिओंत सांगत नाहीत. जुलैत लाकूड दमट हवेने फुगलेलं असतं, तसंच चिकटवलं की मार्च-एप्रिलमध्ये ते आक्रसतं, कडा धरून ठेवलेल्या असतात आणि मग फळीला मधोमध तडा. दिवाळी झाली की चिकटवायला घ्या, तोवर दांडी घासत बसा, तिला भरपूर वेळ लागतो.

आता एक गंमत. तारा लावतात जी सी ई ए. पांढरी एक सा धरा, की झालं प सा ग ध. भूपातले पाचपैकी चार सूर मोकळ्या तारांवरच! राहिला रे, तो सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर. बाजाची पेटी शिकलेल्या माणसाला हे कळलं की कॉर्डचे तक्ते बघायच्या आधीच तो काहीतरी वाजवायला लागतो, माझ्या आईने तर हातात घेतल्या घेतल्या भूप सुरू केला आणि मला विचारलं, बाकीच्या पडद्यांचं काय काम.

तारा चढवल्यावर बाराव्या पडद्यावर तार अडीच-तीन मिमी उंच राहील इतपत घोडीवरची हाडाची पट्टी कानशीने उतरवायची, आणि घोडी ३८१ वर न बसवता दीड-दोन मिमी मागे, कारण तार दाबली की ताणते आणि सूर चढतो. नवीन नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस सारख्या उतरतात, खुंट्या पिळून पिळून वैताग येतो, तेव्हा पाहुण्यांना बोलवायची घाई नको.