तुम्ही विचारलंत म्हणून : ऑपरेशन झालंय, ख्रिस्तप्रसाद घेता येईल का?

लग्नाआधीचं शिबिर असो की महिन्यातून एकदा वस्तीवर होणारी मिस्सा (पवित्र भाकर, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, दिली जाते ती कॅथलिक उपासना), हा प्रश्न येतोच. सगळे उठून गेले की एखादी बाई मागं थांबते आणि हळूच विचारते, "माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, ख्रिस्तप्रसाद घेतला तर चालंल का?" दोन-तीन लेकरं झाली, सरकारी दवाखान्यात टाके पडले. पुढं कधीतरी कानावर आलं की कॅथलिकांना हे चालत नाही. तेव्हापासून ती मिस्सेला येते, पण ख्रिस्तप्रसादाच्या वेळी जागेवरच बसून राहते. जालना, बीड, परभणीकडच्या कितीतरी गावांत अशा बाया आहेत, आणि त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही याचं वाईट वाटतं.

तर उत्तर असं : पापनिवेदन करा, म्हणजे फादरांपुढं पाप कबूल करून क्षमा मागा, आणि ख्रिस्तप्रसाद घ्या. नस पुन्हा जोडून घेण्याची अट नाही. बिशपांकडं जावं लागत नाही. पापक्षमा मिळाल्यावर नवरा-बायकोनं नेहमीसारखं एकत्र राहायलाही हरकत नाही.

आता यामागची शिकवण. पोप सहावे पॉल यांनी २५ जुलै १९६८ रोजी 'ह्युमाने विते' हे परिपत्रक काढलं. त्याआधी नेमलेल्या आयोगातल्या बहुसंख्य सदस्यांचा कल बदलाकडं होता, तरी पोपमहोदयांनी जुनीच शिकवण कायम ठेवली. पती-पत्नीचा प्रत्येक संबंध नव्या जिवासाठी खुला असावा, असं ती सांगते. म्हणून गोळ्या, निरोध आणि मूल नको म्हणून केलेली नसबंदी तिला मान्य नाही. लेकरांत अंतर ठेवायला, किंवा गंभीर कारण असेल तर पुढचं मूल टाळायलाही तिची ना नाही. पण त्यासाठी बाईच्या पाळीतले गर्भ न राहणारे दिवस ओळखून वागावं, असं ती म्हणते.

याच परिपत्रकाचा पंधरावा परिच्छेद फार कमी लोकांना माहीत असतो. आजारावरचा उपचार म्हणून घेतलेलं औषध किंवा केलेली शस्त्रक्रिया चालते, मग तिच्यामुळं मूल होणं थांबलं तरी. अंगावरून फार जातं म्हणून डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या, किंवा गर्भपिशवीत गाठ होती म्हणून पिशवी काढली, तर त्यात पाप नाही आणि निवेदन करण्यासारखंही काही नाही. बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीत खाडा पडू नये, दंड बसू नये म्हणून जिला घाबरवून टेबलावर झोपवलं, त्या बाईला पापी म्हणण्याआधी तिच्यावर काय लादलं गेलं ते बघायला हवं.

कारण गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात : बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे पूर्ण ठाऊक हवं, आणि मनापासून संमती हवी. आपल्याकडं ऑपरेशनचा निर्णय बहुतेक वेळा सासू, नवरा आणि दवाखाना मिळून घेतात. कळा सुरू असताना कागदावर अंगठा दिला असेल, किंवा चर्चची शिकवण तेव्हा ठाऊकच नसेल, तर दोष पुष्कळ कमी होतो. हे तोलायचं काम तुमचं एकटीचं नाही. फादरांना जसं घडलं तसं सांगा.

सांगायला दोन वाक्यं पुरतात : "मूल नको म्हणून मी ऑपरेशन करून घेतलं. तेव्हा घरच्यांचा दबाव होता, आणि आता मला पश्चात्ताप आहे." दबाव नसेल तर तेवढं वगळा. दवाखान्याचं नाव, टाके किती, पुढचे संबंध कसे, यातलं काही सांगावं लागत नाही आणि फादरांनीही खोदून विचारू नये. १९९७ साली रोमनं, म्हणजे पोपमहोदयांच्या कार्यालयानं, पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी याच विषयावर मार्गदर्शिका काढली, तीही सबुरीनं आणि माणसाची अब्रू राखून विचारायला सांगते. फादरांनी दिलेलं प्रायश्चित्त करा, की झालं. तेच पाप दर वर्षी पुन्हा निवेदन करायची गरज नाही. कित्येक बाया प्रत्येक उपवासकाळात तेच तेच सांगतात, कारण ऑपरेशन अंगावर कायमचं आहे. पण क्षमा एकदा मिळाली की मिळाली.

अडचण येते ती जागेची. वस्तीवर पापनिवेदनासाठी जाळीची खोली नसते. लिंबाखाली खुर्ची टाकून फादर बसतात आणि चार हातांवर रांग उभी असते. आपल्याच फादरांना सांगायचा संकोच वाटत असेल तर सणाला बाहेरून आलेल्या फादरांकडं जा. कुणाकडं निवेदन करायचं हे ठरवायचा हक्क चर्चच्या कायद्यानंच तुम्हाला दिलाय. आणि ऐकलेलं बाहेर काढायची मुभा कोणत्याही फादरांना कधीच नाही.

"पण आता आणखी लेकरू होणार नाही याचं बरंच वाटतं, मग माझा पश्चात्ताप खोटा का?" नाही. पश्चात्ताप केलेल्या कृतीचा असतो. पुन्हा दिवस जातील ही चिंता मिटल्याचा सुटकारा ही वेगळी गोष्ट. डोळ्यांत पाणी यायलाच हवं असंही नाही. मात्र "आधी ऑपरेशन करू, मग निवेदन करून टाकू" असं ठरवून जाणं हा पश्चात्ताप नव्हे, हे शिबिरातल्या पोरा-पोरींना स्पष्ट सांगावं लागतं.

सगळ्यात अवघड प्रश्न तिसऱ्या सिझेरियनचा. डॉक्टर म्हणतात, पुढचं बाळंतपण जिवावर बेतेल. पिशवी तेव्हाच फाटलेली किंवा निकामी असेल, रक्त थांबत नसेल, तर ती काढणं हा उपचार झाला. पण धोका फक्त पुढच्या गरोदरपणाचा असेल, तर नस बांधायला चर्चची शिकवण तिथंही परवानगी देत नाही. १९९३ साली रोमनं हे लेखी स्पष्ट केलं. ते ऐकणं जड जातं आणि ते हलकं करून सांगणं खोटेपणाचं होईल. अशा जोडप्याला नुसता नियम ऐकवून परत पाठवू नये. गर्भ राहू शकणारे दिवस चिकट स्रावावरून ओळखायचे कसे हे शिकवणारं माणूस त्यांच्या घरी दोन-तीन महिने जायला हवं.

ती शिकवणी थोडक्यात अशी : रोज रात्री तारखेपुढं खूण करायची, पाळी, कोरडं की स्राव. अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणणारा, निसरडा स्राव जाणवला त्यातला शेवटचा दिवस धरायचा, पुढचे तीन दिवस सोडायचे आणि चौथ्या दिवसापासून पाळी येईपर्यंत मोकळीक. घोटाळा बहुतेक वेळा दोन कारणांनी होतो. अंगावरून पांढरं जाण्याचा आजार असला की खुणा चुकतात, म्हणून आधी उपचार. दुसरं म्हणजे दारू प्यालेला नवरा तारखा मानत नाही.

म्हणून शेवटची गोष्ट नवऱ्यांसाठी. हा प्रश्न घेऊन पुरुष जवळपास येतच नाहीत, जणू ऑपरेशन एकट्या बायकोनं ठरवलं होतं. तुम्ही सांगितलं असेल, सही केली असेल, किंवा स्वतःची नसबंदी टाळून तिला पुढं केलं असेल, तर तुमचंही निवेदन राहिलंय. दोघांनी वेगवेगळं जावं. एकाचं ऐकलेलं फादर दुसऱ्याला सांगत नाहीत.