फुगवट्याची घाई अखेर आटोक्यात

ग्लेअर 3-3/2-0.4 चं (0.4 मिमीचे तीन अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये काचतंतूंचे दोन थर) पॅनेल सिम्युलेशनमध्ये अखेर बकलिंगच्या, म्हणजे दाबाखाली फुगून वाकण्याच्या, पलीकडे पोचलं! मागच्या नोंदीत गाडी कुठे रुतली होती ते आठवत असेलच: वरचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्याखालचा काच-प्रीप्रेग (रेझिनमध्ये भिजवलेले काचतंतू) यांच्यामध्ये 40 मिमी व्यासाचा सुटलेला गोल. दाब जरा चढला की 0.4 मिमीचा पत्रा नको तितक्या लवकर फुगायचा, कडेचे कोहेसिव्ह एलिमेंट (थरांमधली चिकट जोडणी दाखवणारे मॉडेलचे तुकडे) पटापट तुटायचे, आणि इन्क्रिमेंट (लोडची एकेक पायरी) बारीक होत होत सॉल्व्हर (गणित सोडवणारा प्रोग्राम) हात टेकायचा.

पहिला संशय इम्पर्फेक्शनवर, म्हणजे फुगवटा सुरू व्हावा म्हणून मॉडेलमध्ये मुद्दाम घातलेल्या किंचित वाकडेपणावर. तो आकार ज्यातून घेतो ती आयगेनव्हॅल्यू (बकलिंगचा लोड आणि आकार) काढताना थरांमधला कॉन्टॅक्ट उघडत-मिटत नाही, म्हणून पहिल्याच मोडमध्ये (बकलिंगच्या आकारात) पत्रा खालच्या थरांत घुसलेला दिसतो. तो मोड सोडून दिला आणि पत्र्याला आतून नाममात्र दाब दिला. घुसखोरी थांबली, घाई तशीच. व्हिस्कस रेग्युलरायझेशन (तुटणं मंदावणारा कृत्रिम चिकटपणा) वाढवलं की रन गोड पूर्ण होतो, पण त्यात जिरलेली ऊर्जा बघितली की त्या आलेखावर विश्वास ठेवावासा वाटत नाही. रिक्सबद्दल (लोड आणि विस्थापन एकत्र पुढे नेणारी सोडवण्याची पद्धत) तर माझं मत आता पक्कं आहे: कॉन्टॅक्ट आणि डॅमेज एकत्र असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

कोडं सुटलं ते कूलिंग स्टेपमध्ये, म्हणजे क्युअर करून (तापवून रेझिन पक्कं करून) पॅनेल थंड होतं त्या टप्प्यात. ती मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण सिमेट्रिक ले-अपमध्ये (दोन्ही बाजूंनी सारख्या थररचनेत) रेसिड्युअल (थंड झाल्यावर आत उरलेल्या) ताणांची बेरीज शून्य होते आणि अख्ख्या पॅनेलच्या बकलिंग लोडला त्यांचं सोयरसुतक नसतं. सुटलेल्या पत्र्याला मात्र असतं! 120 अंशांवरून थंड होताना अ‍ॅल्युमिनियमला जास्त आकसायचं असतं, काच त्याला आकसू देत नाही. म्हणून पत्रा ओढलेला राहतो, आणि मधला गोल सुटला तरी कडा ती ओढ धरून ठेवतात. हाताने केलेल्या हिशोबात ही ओढ सुमारे 20 मेगापास्कल. कडेने जखडलेली तेवढीच चकती सर्व बाजूंनी दाबली तर सुमारे 40 ला बकल होते. म्हणजे आधी 20 ची ओढ उतरायची, मग पुढचे 40. फुगवटा आपोआप लांबला.

फ्रंटजवळ (थर सुटत जातात त्या कडेजवळ) मेश (मॉडेलची जाळी) बारीक केल्यावर आलेखातले करवतीचे दातेही गेले. कोहेसिव्ह झोनमध्ये (जोडणी तुटत असलेल्या पट्ट्यात) निदान तीन एलिमेंट हवेतच.

पुढे फायबर थरांचं हाशिन डॅमेज (तंतू आणि रेझिन कधी तुटतात ते ठरवणारे निकष) घ्यायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना गणित पुन्हा मांडलं: 60 मिमीच्या गोलाला ते 40 उतरून 18 च्या आसपास येतात, म्हणजे ओढच वरचढ! तेव्हा आधी व्यास बदलून बघतो. आणि क्युअरनंतर लॅमिनेट ताणून घेतलं तर? फटिगसाठी (वारंवार लोडने येणाऱ्या थकव्यासाठी) ते चांगलं, कारण अ‍ॅल्युमिनियम ओढीतून दाबात जातं. पण मग फुगवटा उलट लवकर यायला हवा. हाशिन थांबेल, आधी प्लॅस्टिसिटी (पत्र्याचं कायमचं ताणलं जाणं) चालू करून स्ट्रेचिंगची स्टेप घालतो.