आमची वाटचाल : दीडशे किलोचा ट्रेलर आणि पन्हाळ्याचा चढ

आम्ही कोल्हापुरात ट्रेलर ओढणाऱ्या इलेक्ट्रिक सायकली बनवतो. सपाट रस्त्यावर १५० किलो ओढणं इलेक्ट्रिक सायकलला जड जात नाही. शाहू मार्केट यार्डातून गुळाचे ३० किलोचे पाच रवे ट्रेलरवर घालून रंकाळ्यापर्यंत कुठलीही बरी मोटर आणून सोडते. तोच ट्रेलर पन्हाळ्याच्या किंवा जोतिबाच्या वाटेला लावला, की थोड्याच चढात मोटरला हात लावता येत नाही इतकी ती तापते. आमच्या कामात आजवर जे बदल झाले, ते बहुतेक या तापण्यामुळे. उरलेले उतारामुळे.

आधी आकडे मांडतो, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे. बॅटरीसह सायकल ४० किलो, चालवणारा ७०, रिकामा ट्रेलर ४०, माल १५०. एकूण ३०० किलो. ८ टक्क्यांचा चढ म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. या चढाला ३०० किलोसाठी २३५ न्यूटन बळ लागतं, टायर रस्त्यावर फिरवायला आणखी ३५. मिळून २७०, म्हणजे साडेसत्तावीस किलोचा सतत ओढा. हाच ओढा ताशी १० किलोमीटरने हवा असेल तर चाकापाशी ७५० वॉट पाहिजेत.

मग मोठी मोटर का नाही? केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन जास्तीत जास्त ६० किलो असेल, नीट ब्रेक आणि पुढे-मागे रिफ्लेक्टर असतील, तरच ते वाहन मोटार वाहनात मोडत नाही. त्यापुढे गेलं की नोंदणी, परवाना, सगळं आलं. आम्हाला सायकलच बनवायची होती. म्हणून शक्ती वाढवण्याऐवजी वेग कमी करायचा, हा निर्णय पहिल्यांदा झाला आणि तो आजही बदललेला नाही.

पहिल्या गाड्यांना मागच्या चाकात गिअरवाली हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर, होती. बसवायला सोपी, दिसायला नीटस. पण ती ताशी २५ च्या वेगासाठी गुंडाळलेली असते. चढावर गाडी ६-७ वर आली की मोटर आपल्या वेगाच्या चौथाईवर फिरते आणि आत जाणाऱ्या विजेतला मोठा भाग तारेतच तापण्यात जातो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दुप्पट मागितला की करंट दुप्पट होतो आणि तांब्यातली उष्णता चौपट. त्या उष्णतेने आतले नायलॉनचे छोटे गिअर मऊ पडतात आणि दाते सोलून निघतात. नायलॉनच्या जागी स्टीलचे गिअर घातले तर दाते टिकतात, पण आवाज वाढतो आणि आतला क्लच घसरायला लागतो. उष्णता तर जिथल्या तिथेच. बिनगिअरची मोठी हब मोटर कमी वेगात याहून जास्त तापते.

पुढच्या चाकातली मोटर कागदावरच बाद झाली. चढावर पुढच्या चाकावर फार तर ३५-४० किलो भार उरतो. त्यातून साडेसत्तावीस किलोचा ओढा काढायचा तर टायरची पकड ०.७ च्या पुढे लागते. कोरड्या डांबरावर कसंबसं जमेल, पावसात चाक जागच्या जागी फिरेल. मागच्या चाकावर ट्रेलरचा भार धरून ८५ किलो येतात आणि ०.३२ पकड पुरते. जांभ्याचा लाल चिखल रस्त्यावर आला असेल तर तीही कमीच पडते, म्हणून पावसाळ्यात मागचा टायर गोट्यांचा लावतो आणि हवा थोडी कमी ठेवतो.

आता मोटर क्रँकपाशी, म्हणजे पेडल जिथे जोडलेली असतात तिथे, असते आणि तिचा जोर चेनमधून जातो. पुढे ३२ दाते, मागे सगळ्यात मोठं चक्र ३६ दात्यांचं, चाक २० इंची. क्रँक मिनिटाला ८० फेरे घेत असेल तर गाडी ताशी ६.७ किलोमीटरने चढते. मोटर मात्र तिच्या आवडीच्या वेगात फिरत राहते, आणि म्हणूनच थंड राहते. २० इंची चाक हौसेने घेतलेलं नाही. तेच बळ लावायला २६ इंची चाकाला ९० न्यूटन-मीटरच्या जवळ टॉर्क लागतो, २० इंचीला ६७.

८ टक्के चढावर या वेगाला चाकापाशी ५०० वॉट लागतात. चालवणारा १०० देतो, उरलेले ४०० मोटरवर. २५० च्या मोटरने हे काही मिनिटंच करावं. ५ टक्के चढाला एकूण ३४० वॉट पुरतात, तो ती सलग चढते. लांब आणि तीव्र टप्प्यासाठी एक साधा उपाय आहे आणि तो आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला करून दाखवतो: खाली उतरायचं. ७० किलो कमी झाले की ओढा २०७ न्यूटनवर येतो आणि मोटर एकटी गाडीला ताशी सव्वाचार किलोमीटरने नेते, म्हणजे माणसाच्या चालीने. यासाठी हँडलवर वेगळं बटण दिलं आहे. दाबून धरलं की गाडी चालते, सोडलं की थांबते. तसंही ताशी ५ च्या खाली बसून तोल सांभाळणं कठीणच, त्यात मागे ट्रेलर असेल तर जास्तच.

चेनवर जोर आला की चेनची झीज आली. वरच्या हिशोबात चेनमधला ताण ९०० न्यूटनच्या पुढे जातो. ९-१० स्पीडच्या, म्हणजे मागे तेवढी चक्रं असलेल्या गिअरच्या, पातळ चेन आम्ही सोडल्या, ८ स्पीडची रुंद चेन आणि पुढचं चक्र स्टीलचं घेतो, कारण ॲल्युमिनियमचं एका पावसाळ्यात शार्कच्या दातांसारखं टोकदार होतं. चेन मोजायला महाग हत्यार नको. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या चोविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंच असतं. ते इंचाच्या सोळाव्या भागाने वाढलं की चेन बदलायची. आठव्या भागापर्यंत थांबलात तर मागची चक्रंही बदलावी लागतील. गिअर बदलताना मोटरचा जोर तुटला पाहिजे, त्यासाठी गिअरच्या केबलवर सेन्सर बसवला आहे. तो नसेल तर चढाच्या मध्यावर, जोरात असताना चेन उडी मारते आणि एखादी पिन निसटते. मागचा हब कॅसेटचाच हवा, म्हणजे ज्याच्या खाचांवर मागची चक्रं सरकवून बसतात असा. स्क्रूवर बसणाऱ्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवं बेअरिंग खूप आत राहतं, बाहेरच्या ॲक्सलला आधार नसतो, आणि भाराखाली तो वाकतो.

ट्रेलरची जोडणी हा कोल्हापूरकरांना चटकन समजणारा भाग. इथे ओतकाम करून देणारे पावलोपावली आहेत, म्हणून जोडाचा गुडघा सुरुवातीला साध्या बिडाचा ओतून घेतला. दाबात बीड उत्तम, पण खड्ड्याचा धक्का आणि ओढ त्याला सोसत नाही. ते वाकत नाही, इशारा देत नाही, थेट तुटतं. आता तोच गुडघा एसजी आयर्नमध्ये, म्हणजे ताण सोसणाऱ्या बिडात, ४००/१५ ग्रेडचा ओततो. त्यातला १५ हा आकडा तुटण्याआधी धातू किती टक्के ताणला जातो ते सांगतो. साच्यात फरक नाही, धातू बदलला. पिन मात्र ओतीव नाही, ईएन-८ पोलादाची लेथवर केलेली. शिवाय जोड तुटलाच तर ट्रेलर सुटून मागे जाऊ नये म्हणून एक साखळी फ्रेमला वेगळी बांधलेली असते. ही साखळी कुणी काढून ठेवली असेल तर दुरुस्तीला आलेली गाडी आम्ही ती लावल्याशिवाय परत देत नाही.

जोड सीटखालच्या नळीला करावा असं अनेकांना वाटतं. वळायला सोपं पडतं हे खरं. पण ८० सेंटिमीटर उंचीवरून ट्रेलरने एकूण ओढ्यातल्या त्याच्या वाट्याच्या १७ किलोने मागे ओढलं की पुढचं चाक साडेबारा किलोने हलकं होतं आणि हँडल भरकटतं. जोड मागच्या ॲक्सलच्या उंचीला असेल तर हाच आकडा चारच किलो.

माल कुठे ठेवायचा, हे आम्ही ट्रेलरच्या पाटावर रंगाने पट्टा मारून दाखवतो. ॲक्सलपासून जोडापर्यंत १२० सेंटिमीटर अंतर आहे. मालासह ट्रेलरच्या वजनाचा मध्य ॲक्सलच्या साडेनऊ सेंटिमीटर पुढे असेल तर जोडावर १५ किलो येतात, सपाटीवर तेवढे हवेत. चढावर हाच मध्य तीन सेंटिमीटर मागे सरकतो आणि जोडावर १० किलो उरतात. हा मध्य बरोबर ॲक्सलवर असता तर चढावर ट्रेलरने सायकलचं मागचं चाक पाच किलोने उचललं असतं, म्हणजे जिथे पकड सगळ्यात जास्त हवी तिथेच ती गेली. दुधाच्या ४० लिटरच्या कॅन असतील तर काठोकाठ भरलेल्या न्याव्यात. अर्ध्या कॅनमधलं दूध मागे येऊन आदळतं आणि प्रत्येक हिसक्याला हा तोल बिघडवतं.

ट्रेलरला सायकलची चाकं लावून पाहिली. सायकल वळताना कलते, ट्रेलर कलत नाही, त्यामुळे वळणावरचा सगळा भार चाकाला आडवा बसतो आणि रिम पापडासारखी वाकते. तारा जाड केल्या तर पातळ रिमला त्यांचा ताण झेपत नाही. शेवटी मोपेडची १६ इंची चाकं घेतली. जड आहेत, पण ॲक्सल दोन्ही बाजूंनी धरता येतो, सुटे भाग कुठल्याही गॅरेजमध्ये मिळतात आणि ड्रम ब्रेक आयता येतो.

त्या ड्रम ब्रेकने उताराचा प्रश्न सुटला. ८ टक्के उतारावर ३०० किलो ताशी २० ने स्थिर ठेवायचे तर ब्रेकमध्ये सतत ११०० वॉट उष्णता जिरवावी लागते. सायकलच्या १६० मिलिमीटरच्या डिस्कचं हे काम नाही. पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि ब्रेक धरेनासा होतो. शिवाय ब्रेक फक्त सायकलला असेल तर ट्रेलर मागून ढकलतो आणि वळणावर सायकलला आडवं करतो. आता ड्रॉबारचा, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या दांड्याचा, पुढचा भाग ३० मिलिमीटर आत सरकतो. ट्रेलर ढकलू लागला की ड्रॉबार दबतो, केबल ओढली जाते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. जितका ढकलेल तितका ब्रेक. स्प्रिंग फार मऊ असेल तर प्रत्येक खड्ड्याला ब्रेक लागतो, फार ताठ असेल तर उताराच्या सुरुवातीला लागतच नाही. ही स्प्रिंग आम्ही प्रत्येक गाडीला मालासह रस्त्यावर लावून ठरवतो. दोन्ही केबल सारख्या ओढल्या पाहिजेत, नाहीतर ट्रेलर एका बाजूला खेचतो. गाडी मागे ढकलताना हे ब्रेक लागतात, म्हणून ड्रॉबारमध्ये अडकवायची एक खीळ दिली आहे. ती निघाल्यावर काढायला विसरू नये यासाठी तिला लाल फीत बांधतो.

बॅटरीबद्दल थोडक्यात. लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल, ५१.२ व्होल्ट, २० अँपिअर-तास, म्हणजे १०२४ वॉट-तास. कोल्हापूर ते पन्हाळा २० किलोमीटर आणि हिशोबाला ४०० मीटर चढ धरला, पायांची मदत शून्य धरली, तर ७०० वॉट-तासांच्या आसपास लागतात. त्रास बॅटरीपेक्षा जोडण्यांचा होतो. नीट न दाबलेला लग, म्हणजे वायरच्या टोकाचा धातूचा जोड, चढावर तापतो, त्याचं प्लॅस्टिक वितळतं आणि गाडी घाटात बंद पडते. वायर ६ चौरस मिलिमीटरची, फ्यूज बॅटरीला चिकटून, आणि मोटरची वीज सांभाळणाऱ्या कंट्रोलरमध्ये शिरणारी प्रत्येक वायर खालून वळसा घेऊन वर जाणारी, म्हणजे पाणी वळशाशी टपकून जातं.

गाडी देण्याआधी वाळूची पोती भरून १५० किलो करतो आणि चढाच्या मध्यावर थांबवतो. तिथून पुन्हा निघणं ही खरी परीक्षा, कारण थांबलेल्या मोटरला पूर्ण करंट जातो आणि वारा अजिबात नसतो. सगळ्यात मोठ्या चक्रावर येऊन मगच थांबायचं, ही सवय लावून घ्यावी लागते. थांबल्यावर ट्रेलर मागे ओढतो तेव्हा ड्रॉबारचा ब्रेक लागत नाही, तो ढकलण्यावरच चालतो. म्हणून ड्रॉबारला दोरीने बांधलेला बाभळीचा एक पाचर प्रत्येक ट्रेलरबरोबर जातो, आणि चढावर पाय टेकण्याआधी तो चाकामागे गेला पाहिजे.