घरातला कॉम्प्युटर कोणता होता?

जुन्या कॅसेट डिजिटल करून देणं हा माझा धंदा. लग्नं, बारशी, आजोबांची भजनं असंच बहुतेक काम येतं. मागच्या महिन्यात नाशिकहून आलेल्या ताईंच्या चार कॅसेटमध्ये मात्र माणसाचा आवाजच नव्हता. त्यांच्या वडिलांनी घरच्या कॉम्प्युटरवर केलेले प्रोग्रॅम त्यात होते; तेव्हा घरचे कॉम्प्युटर प्रोग्रॅम आवाजाच्या रूपात कॅसेटवर साठवायचे. वडील बँकेत होते, आता नाहीत. कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. फोटो नाही, पावती नाही. मशीन कोणतं होतं हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण टेपवर लिहिण्याची प्रत्येकाची रीत वेगळी.

कॅसेट लगेच लावता येत नव्हत्या. टेप हेडवर दाबून धरणारा फेल्टचा तुकडा दोन कॅसेटमध्ये गळून पडला होता. तो चिकटवून वाळेपर्यंत मी ताईंना विचारत बसलो.

"बीबीसी मायक्रो," त्या ठामपणे म्हणाल्या. हा ऐंशीच्या दशकातला एक ब्रिटिश कॉम्प्युटर. "वरच्या ओळीत लाल बटणं होती." आदल्या रात्री परदेशातल्या भावाने त्यांना इंटरनेटवरचा फोटो पाठवला होता. याचा मला फार त्रास होतो. एकदा फोटो बघितला की आठवण त्या फोटोसारखीच होऊन बसते, मग माणूस शपथेवर सांगतो. लाल बटणं खोटी नव्हती, पण ती शाळेतली असणार असं मला वाटलं. १९८४ साली सरकारने शाळांसाठी 'क्लास' प्रकल्प सुरू केला, तेव्हा बीबीसी मायक्रोच दिले होते, आणि या भावंडांची शाळा त्यात होती.

म्हणून मी रंग, आकार काहीच विचारलं नाही. म्हटलं, "ताई, डोळे मिटा आणि स्क्रीनवर काही दाखवायची ती 'प्रिंट' आज्ञा टेबलावर टाइप करून दाखवा."

त्यांचं एकच बोट उजवीकडे वर गेलं. "पी दाबलं की अख्खं प्रिंट उमटायचं."

"पीनंतर टिंब द्यायचात?"

"नाही हो. नुसतं पी."

बीबीसीवर प्रिंट थोडक्यात लिहायचं तर पी आणि टिंब लागतं. एका बटणात अख्खा शब्द ही सिंक्लेअर स्पेक्ट्रम या त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश कॉम्प्युटरची खूण. कॅसेट कशी लोड करायचात, विचारलं. त्यांनी 'जे' (J) हे अक्षर दाबलं, मग खालच्या ओळीतलं एक बटण दोनदा. म्हणजे 'लोड' आणि पुढे दोन अवतरणचिन्हं. १९८२ च्या रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमवर अवतरणचिन्हासाठी दोन बटणं एकदम दाबावी लागतात. १९८४ च्या स्पेक्ट्रम प्लसवर त्याला स्वतंत्र बटण आहे. तेवढ्यात त्यांना आणखी एक आठवलं: भाऊ चिडला की मशीनच्या डाव्या कडेचं बटण दाबून पळायचा आणि बाबांचं सगळं पुसलं जायचं. ते रीसेटचं बटण. प्लसवर असतं, रबरीवर नसतं. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स परवान्यावर हेच मॉडेल विकत असे, तेव्हा बँकेतल्या माणसाच्या घरी ते असणं अगदी शक्य होतं.

भाऊ स्पीकरफोनवर होता. त्याला पटलं नाही. "अहो, मला स्पष्ट दिसतंय."

फेल्ट वाळल्यावर पहिली कॅसेट लावली. हेडचा बारीक स्क्रू आवाज सगळ्यात कडक येईपर्यंत फिरवला. डॉल्बी (टेपची खरखर दाबणारी सोय) बंद, आवाज सफाई बंद, एमपी३ तर नाहीच. काही दुकानं खरखर काढून छान गुळगुळीत फाइल देतात आणि त्यात डेटाच पुसून टाकतात. अशा फाइली घेऊन लोक माझ्याकडे येतात तेव्हा माझ्या हातात काही उरलेलं नसतं. स्पीकरमधून पाच सेकंद सलग भोंगा, मग छोटी किरकिर, पुन्हा दोन सेकंद भोंगा. स्पेक्ट्रमचा भोंगा साधारण ८०७ हर्ट्झचा असतो. इथे तो किंचित खाली होता, म्हणजे रेकॉर्ड करणारा टेपरेकॉर्डर जरा वेगात फिरत असणार. तेवढं दुरुस्त केलं आणि प्रोग्रॅम लोड झाला: पाढ्यांची प्रश्नमंजुषा. १७ आठे किती? बरोबर उत्तराला चढते तीन सूर. ताई पहिल्या सुरालाच "हेच!" म्हणून ओरडल्या.

इथवर सगळं सरळ होतं. चौथ्या कॅसेटची दुसरी बाजू लावली आणि मी खुर्चीत सरळ झालो. भोंगा खूपच उंच पट्टीतला, आणि मधे मधे ठरावीक अंतराने छोटे खंड. २४०० हर्ट्झ, २५६ बाइटचे तुकडे. हा बीबीसी मायक्रो.

भावाला विचारलं, शाळेतून टेप आणली होती का? "छे, आम्हाला कुणी टेपला हात लावू देत नव्हतं."

तो प्रोग्रॅमही तीच पाढ्यांची प्रश्नमंजुषा होता. नुसता तसाच उतरवलेला नव्हता. स्पेक्ट्रमवर सूर अर्ध्या स्वराच्या हिशोबाने लिहितात आणि मध्य सप्तकाचा सी म्हणजे शून्य. बाबांचे तीन आकडे होते ०, २, ४. बीबीसीवर अर्ध्या स्वराचे चार भाग पडतात आणि तोच सी असतो ५३. टेपवर होते ५३, ६१, ६९. प्रत्येक आकड्याला चाराने गुणून त्यात ५३ मिळवलेले. ज्याने घरचा प्रोग्रॅम लिहिला त्यानेच तो शाळेच्या मशीनसाठी बसून पुन्हा लिहिला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बँकेतला माणूस शाळेच्या कॉम्प्युटरवर कधी बसला? मुलं तिथेच शिकत होती आणि दोघांनाही याचा पत्ता नाही.

ताईंनी त्या वेळच्या गणिताच्या सरांचा नंबर मिळवलाय. सर आता ऐंशीच्या पुढे आहेत, कानाने कमी ऐकतात. त्यामुळे फोन न करता त्या येत्या रविवारी दोन्ही प्रोग्रॅमच्या छापील प्रती घेऊन त्यांच्या घरी जाणार आहेत. फोटो एकही न्यायचा नाही, एवढं मी त्यांना बजावून सांगितलंय.