तीन हजार मीटर, ऐन हंगामात

शालेय क्रीडा स्पर्धांचे वेळापत्रक आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम यांची टक्कर बीड जिल्ह्यात दरवर्षी होते आणि दरवर्षी तीत खेळाडूच हरतो. तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्यात होतात, जिल्ह्याच्या त्यामागोमाग. पण विभागीय स्पर्धेची तारीख येईपर्यंत दसरा उलटलेला असतो, मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, ऊसतोडीसाठी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबे ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड भरून अहिल्यानगर, सांगली, कोल्हापूर किंवा थेट कर्नाटकाकडे निघून गेलेली असतात आणि जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी कुठल्यातरी उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळत असते. मी क्रीडाशिक्षक आहे आणि मैदानी स्पर्धांत पंच म्हणूनही काम करतो. कॉल रूमच्या, म्हणजे शर्यतीआधी हजेरी घेण्याच्या, टेबलाशी बसून नाव पुकारले आणि उत्तर आले नाही, की ते मूल त्या घटकेला कुठे असेल याचा अंदाज मला सहसा असतो.

छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात सतरा वर्षांखालील मुलींच्या तीन हजार मीटर शर्यतीची नावे पुकारत असताना आमच्या जिल्ह्याच्या मुलीच्या नावावर असाच थांबलो. दुसऱ्यांदा पुकारले. तेवढ्यात फाटकाकडून एक तरुणी त्या मुलीचा हात धरून जवळजवळ पळतच आली आणि प्लास्टिकच्या पिशवीतली कागदपत्रे तिने टेबलावर मांडली. "सर, पोरगी आणलीय. ओळखपत्र, जन्माचा दाखला, मुख्याध्यापकांची सही, सगळं आहे. बघून घ्या."

या तरुणीला मी तिच्या शाळेच्या दिवसांपासून ओळखतो. तिचे आईवडीलही कोयत्यावर जायचे. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल त्या जोडीला मिळते आणि दोघांपैकी एक जरी गैरहजर राहिला तरी खाडा, म्हणजे दंड, लागतो. कोपी, म्हणजे फडावरची झोपडी, झाडणे, पाणी आणणे, तान्ह्या मुलाला सांभाळणे ही कामे साहजिकच घरातल्या मोठ्या मुलीकडे येतात आणि तिच्याकडेही ती आली. पंधराशे मीटरमध्ये जिल्ह्यात पहिली येऊनही ती विभागाला येऊ शकली नव्हती. पुढे गावातच हंगामी वसतिगृह सुरू झाले, म्हणजे आईवडील फडावर गेले तरी मुलांच्या जेवणाची आणि राहण्याची सोय गावात होऊ लागली, तेव्हा तिची शाळा आणि सराव दोन्ही टिकले. खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणातून ती आज पोलीस दलात आहे. दसऱ्याच्या सुमारास ती रजा टाकून गावी येते आणि पळणाऱ्या मुलामुलींच्या घरी जाऊन बसते. भाषण करत नाही. आजी घरी राहणार आहे का, वसतिगृहाच्या यादीत नाव गेले का, आधार कार्डावरची जन्मतारीख शाळेच्या नोंदीशी जुळते का, एवढेच विचारते. खेळाडूला सत्कारात बूट आणि ट्रॅकसूट देणारे पुष्कळ भेटतात, कागद जुळवून देणारे फार थोडे.

या मुलीच्या बाबतीत मात्र आजी आजारी पडली होती आणि आईवडिलांनी तिला सोबत नेले होते. ते नेवासे परिसरातल्या एका फडावर होते. पहाटेच जीप करून ही पोलीस ताई तिला तिथून घेऊन आली होती.

मुलीच्या हातांवर पाचटाने ओढलेल्या बारीक लाल रेषा होत्या आणि टाचांना भेगा. ताईने आपले स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, पुढे केले; मुलगी म्हणाली, "ताई, सवय नाही, अनवाणीच पळते." मला वाटले, ही आग्रह करेल. तिने बूट परत पिशवीत टाकले आणि भेगांवर चिकटपट्टी लावून दिली. ऐन शर्यतीच्या दिवशी नवे बूट घातले की तिसऱ्या फेरीत फोड येतात, हे ज्याला स्वतःच्या पायाने कळले आहे तोच असा आग्रह सोडतो.

तीन हजार मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या. आमच्या जिल्ह्यातल्या मुलांना लांब पल्ल्याचे वेड लागले आहे ते अविनाश साबळे यांच्यामुळे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा जवान 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदकापर्यंत पोहोचला. सुवर्ण हुकले ते सेकंदाच्या पाच शतांशांनी. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णही जिंकले. ही कहाणी पोरांना तोंडपाठ असते. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर 2016 मध्ये रिओत याच प्रकाराच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली, हे मात्र मुलींनाही सांगावे लागते, आणि मी ते सांगत असतो.

पहिल्या चार फेऱ्या आमची मुलगी सहाव्या-सातव्या जागी होती. तिची पळण्याची ढब काही देखणी नव्हती, खांदे वर चढत होते. पण पाचव्या फेरीत पुढच्या मुलींचा वेग उतरला तरी हिचा उतरला नाही. शेवटच्या फेरीची घंटा झाली तेव्हा ती तिसरी होती आणि शेवटच्या वळणावर दुसरी. राज्य स्पर्धेसाठी तिची निवड झाली.

मी कौतुक करायला गेलो, तर ताई मुकादमाशी फोनवर बोलत होती. बोलणे ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मुलगी नसली की तान्ह्या मुलासाठी तिच्या आईला कोपीत थांबावे लागते, जोडीचे टनेज घटते आणि मुकादम कुरकुर करतो. म्हणून आदल्या संध्याकाळी या पोलीस शिपाई मुलीने स्वतःच्या आईला त्या फडावर नेऊन ठेवले होते. लेक नोकरीला लागल्यावर कोयता खाली ठेवलेली ती बाई त्या दिवशी परक्या कुटुंबाचे लेकरू सांभाळत होती आणि मधल्या वेळेत मोळ्या बांधत होती. मी इतकी वर्षे पंच म्हणून उभा राहतो आहे, पण बदली खेळाडूची अशी सोय मी पाहिली नव्हती.

राज्य स्पर्धा होईपर्यंत मुलगी फडावर परत न जाता गावच्या वसतिगृहात राहावी, असे ताईचे म्हणणे होते. मुकादमाला लेखी काहीतरी हवे होते. मी तिथेच टेबलावर निवडीचे पत्र लिहून, सही करून दिले; तिने त्याचा फोटो काढून त्याला पाठवला. तो राजी झाला, पण तोवर म्हातारीने फडावरच राहावे, अशी त्याची अट होती.

ताईने लगेच आईला फोन लावला. आईने सगळे ऐकून घेतले आणि आपली अट सांगितली: राहीन, पण उसाचे वाढे, चाऱ्याला जातात ते शेंडे, विकून जे पैसे येतील ते माझे. ताई हसत हसत मुकादमाला पुन्हा फोन लावू लागली.