सज्जा, फेरफार आणि आमच्या कंपनीचा तक्ता

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी डेटाचं काम बघते. गेल्या मे महिन्यात सोयाबीनच्या एका लॉटची गाडी हिंगोलीला निघायची म्हणून गेटपर्यंत आली होती. कागद तयार, ताडपत्री बांधलेली. लोडिंगवरच्या भाऊंना लॉट नंबर ओळखीचा वाटला, त्यांनी लॅबला फोन लावला आणि गाडी थांबली. विक्रीच्या रिपोर्टात त्या लॉटची उगवण ७४ टक्के दिसत होती. लॅबमध्ये फेरतपासणीचा आकडा होता ६६. सोयाबीनला किमान ७० लागते.

२०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, त्याच्या तक्रारींचे ढीग लागले होते. आमच्या काकांच्या रानातही त्या वर्षी तासंच्या तासं मोकळी राहिली आणि दुबार पेरणी करावी लागली. त्यामुळे ६६ हा आकडा बघून त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी बसून शोधलं. कंपनीत कुठला डेटा कुठं आहे, त्याचा अर्थ काय आणि त्याला जबाबदार कोण, याची नोंद ठेवायला आम्ही ओपनमेटाडेटा ही सिस्टीम वापरतो. त्यात उगवणीच्या कॉलमवर तपासणी लावलेली होती. ती नापास झाली होती आणि तिचा निरोपही तीनदा गेला होता. पण गेला कुठं? ‘गुणवत्ता – साठवण’ विभागाच्या मेलवर. तो विभाग दिवाळीतच उत्पादनात विलीन झाला होता आणि त्याचे प्रमुख नोकरी सोडून पुण्याला गेले होते. पत्ता आम्हीच दिलेला होता. दोन वर्षांपूर्वी सिस्टीम उभी करताना मी एचआरकडून कंपनीचा तक्ता, म्हणजे कोणता विभाग कुणाखाली ते दाखवणारा कागद, घेतला आणि जसाच्या तसा उतरवला. जेवढे विभाग तेवढे डोमेन, म्हणजे डेटाचे कप्पे, आणि विभागाच्या पोटात त्याचे डेटाचे टेबल. दिसायला फार नीटनेटकं दिसत होतं.

घरी नानांना हे सगळं सांगितलं. माझे वडील तलाठी होते, परतूर तालुक्यात. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर परभणीतून निघून जालन्यात आलं. नाना म्हणाले, “कलेक्टर बदलले, शिक्के बदलले, टपाल परभणीऐवजी जालन्याला जायला लागलं. पण गाव तेच, गट नंबर तेच. सातबारा काय जिल्हा बदलला म्हणून नव्यानं लिहितात का?” मग थोडं थांबून विचारलं, “तुमच्यात फेरफार मंजूर कोण करतं?”

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आमच्याकडे टेबलाचा मालक, म्हणजे त्या डेटाला जबाबदार माणूस, बदलायचा तर मी एकटी स्क्रीनवर बदलत होते. महसुलात तलाठी फेरफाराची नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. जुनं नाव कुणी खोडत नाही, त्याला कंस करतात. चाळीस वर्षांनी कुणी विचारलं तरी जमीन कुणाकडून कुणाकडं आली ते दिसतं. आणि आम्ही? माणूस गेला की त्याचं खातंच काढून टाकत होतो. त्याच्या नावावर काय काय होतं, तेही त्याच्यासोबत जायचं.

मग डोमेन नव्यानं पाडले. या वेळी एचआरचा तक्ता बाजूला ठेवला आणि कामाकडं बघून पाडले: बियाणे लॉट, तपासणी, उत्पादक शेतकरी, वितरक. लॅब उद्या उत्पादनाखाली गेली काय किंवा विक्रीखाली, लॉट हा लॉटच राहणार. कंपनीचा तक्ताही लागतोच, पण तो सिस्टीमच्या ‘टीम’ या वेगळ्या भागात ठेवला. ओपनमेटाडेटात वर ऑर्गनायझेशन, खाली बिझनेस युनिट, डिव्हिजन, डिपार्टमेंट आणि शेवटी ग्रुप अशी उतरंड आहे. मालकी एका माणसाला देता येते नाहीतर ग्रुपला. अख्ख्या डिव्हिजनच्या नावावर टेबल करता येत नाही. आधी मला ही अडचण वाटायची, आता त्यामागचं शहाणपण पटलंय. ‘उत्पादन विभाग’ मालक म्हटलं की चाळीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. आम्ही पदागणिक लहान ग्रुप केले. तलाठी बदलून जातो, सज्जा, म्हणजे त्याच्याकडची गावं, जागेवर राहतो आणि पदभार दुसऱ्याला मिळतो, तसंच.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो ‘उगवण’ या एका शब्दाला. लॅबच्या मॅडम मला आत घेऊन गेल्या. ओल्या कागदाची गुंडाळी उलगडली. मुळं फुटलेले दाणे रांगेत होते, काही नुसते फुगून कुजलेले, काहींची साल फाटलेली. सोयाबीनची साल पातळ असते. मळणीत मार बसला किंवा पोती आदळली की आतला कोंब दुखावतो आणि साठवणीत उगवण आणखी उतरते. मॅडम आठव्या दिवशी शेवटची मोजणी करतात आणि फक्त निरोगी रोप धरतात. उत्पादनवाले शेतात जमिनीवर आलेली रोपं मोजतात, तीही ‘उगवण’. विक्रीवाल्यांसाठी पिशवीच्या लेबलावर छापलेला आकडा म्हणजे ‘उगवण’. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे, आणि आमच्या टेबलांत तिन्हींचं नाव एकच! आता शब्दसूचीत तीन वेगळे शब्द आहेत, तिघांचे मालक वेगळे आहेत, आणि विक्रीच्या रिपोर्टाला फक्त लॅबचा शेवटचा आकडा घ्यायची परवानगी आहे. त्या तीन व्याख्यांवर चार बैठका झाल्या. मला त्यातली एकही वाया गेली असं वाटत नाही.

मालकी बदलायची तर आता नवा माणूस स्वतः विनंती टाकतो आणि डोमेनचा प्रमुख ती मंजूर करतो. जुन्या नावापुढं कधीपासून कधीपर्यंत ते राहतं. टीममध्ये आम्ही त्याला कंसच म्हणतो.

एक गाठ अजून सुटलेली नाही, ती ऑर्गनायझरची. गावोगाव बीजोत्पादनाचे प्लॉट तेच धरून देतात. शेतकऱ्याचं आधार, बँक खातं, गट नंबर हे सगळं पहिल्यांदा त्यांच्या वहीत आणि फोनमध्ये उतरतं. ते आमच्या पगारावर नाहीत, त्यामुळे एचआरच्या कुठल्याच चौकटीत बसत नाहीत. पण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं आमच्या वतीनं दुसऱ्यानं माहिती हाताळली तरी जबाबदारी कंपनीचीच राहते. वर्षानुवर्षं ज्या शेतकऱ्यानं आमच्या शब्दावर आपली जमीन दिली, त्याचं पासबुक कुणाच्या तरी फोनच्या गॅलरीत पडून राहावं हे मला सहन होत नाही. सध्या बाहेरच्या माणसांसाठी वेगळा ग्रुप केलाय. त्याला कसलीही मालकी नाही, फक्त नोंद करायचा हक्क आहे, आणि मालकी क्षेत्र अधिकाऱ्याकडं ठेवली आहे. पण एकेका क्षेत्र अधिकाऱ्याकडं अकरा-अकरा ऑर्गनायझर आहेत, आणि जूनमध्ये ते सगळे रानात असतात. सोमवारी परतूरच्या दोघा ऑर्गनायझरांना ऑफिसात बोलावलंय. वह्या सोबत आणा म्हणून सांगितलंय. नानाही येतो म्हणालेत.